पेटी कोणाकडे आहे?

१

आमच्या ऑफिसात दिवसभर आरडाओरडा चालतो. नव्या माणसाला वाटतं, इथे कोणाचं कोणाशी पटत नाही. तेही खरंच आहे म्हणा, पण ओरडण्याचं कारण ते नाही. एक जण ‘घेतली!’ म्हणून ओरडतो, थोड्या वेळाने ‘सोडली!’ म्हणतो, मग दुसरा ‘घेतली!’ म्हणतो. भाजीबाजार आमच्यापेक्षा शांत असेल.

कंपनी मालवाहू जहाजांची आहे. समुद्रावरच्या सगळ्या जहाजांचे मेल एकाच मेलबॉक्समध्ये येतात आणि उत्तरंही तिथूनच जातात. आम्ही तिला पेटी म्हणतो. पेटी एक आणि हात घालणारे तीन: मी, मावशी आणि लांब्या. मावशी कोणाचीच मावशी नाही, पण निवृत्तीला आलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? लांब्या दारातून वाकून आत येतो, म्हणून लांब्या. एका लांबलचक पॅसेजवर आमच्या तीन खोल्या आहेत आणि टोकाला चौथी. पेटी ज्या मशीनवर साठवलेली असते ते मशीन तिथे आहे, त्याला गार ठेवायला एसी आहे, बाकी काही नाही. दार कायम बंद. किल्ली खुडबुड्याकडे. खुडबुड्या म्हणजे आमचा नेटवर्कवाला. तो नेहमी कोणाच्या तरी टेबलाखाली असतो, त्यामुळे त्याचा चेहरा कोणाला नीट आठवत नाही.

पूर्वी असं ओरडावं लागत नसे. जो पेटी उघडेल त्याचं मशीन पेटीशेजारी एक छोटी फाइल ठेवायचं, कुलपासारखी. कुलूप दिसलं की बाकीची मशीनं थांबायची. सांगायला छान. मग एक दिवस साहेबांच्या हाती असा मेल पडला, की जहाजावरच्या स्वयंपाक्याची साखळी तुटली असून त्याला तळाशी सोडून आम्ही पुढे निघत आहोत. स्वयंपाक्याचं नुसतं पोट दुखत होतं. साखळी दुसऱ्याच जहाजाच्या नांगराची होती. मावशी आणि मी एकाच वेळी पेटीत शिरलो होतो आणि दोन मेल एकमेकांत मिसळले होते. एक ओळ याची, एक त्याची.

“कुलूप होतं ना?” साहेबांनी विचारलं.

“होतं की,” खुडबुड्या टेबलाखालून म्हणाला. “पण ह्यांच्या मशीनने मघाशी बघितलं तेव्हा नव्हतं. नेटवर्कवर असंच असतं साहेब. मशीन दर वेळी जाऊन बघत नाही, मघाचंच आठवून सांगतं. कुलूप लागलंय हे दुसऱ्याला वेळेवर कळलंच नाही, तर ते काय कामाचं?”

“मग उपाय काय?”

“तोंडाने सांगायचं.”

साहेबांनी तेच फर्मान काढलं. कुलूप लागायचं ते लागतच राहिलं, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. पेटी घेताना ओरडायचं, सोडताना ओरडायचं, आणि ‘सोडली’ ऐकू येईपर्यंत कोणी कीबोर्डला शिवायचं नाही. आता ‘घेतली’ ऐकलं की आमचे हात आपोआप मांडीवर येतात. एकदा दुकानात कोणीतरी कोणाला असंच म्हणालं, तर माझ्या हातातली पिशवी पडली.

२

त्या पेटीत माझा जीव अडकलेला होता. धाकटा भाऊ आमच्याच एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. घरी त्याला बोका म्हणतात, कारण बाबा म्हणायचे की हे पोर कुठूनही फेकलं तरी पायांवरच पडेल. ही नोकरी त्याला मीच लावून दिली. आई तेव्हा म्हणाली होती, “जमिनीवरच्या नोकऱ्या काय संपल्या का गं?”

प्रत्येक जहाजाचा रोज दुपारी एक मेल येतो. जहाज कुठे आहे, हवा कशी आहे, इंधन किती उरलं. बोक्याचं नाव त्यात कधीच नसतं. पण जहाज आहे म्हणजे बोका आहे, एवढं आम्हा मायलेकींना पुरायचं. मेल आला की मी घरी फोन करायची.

“आला गं.”

“बोक्याचा?”

“जहाजाचा.”

“तेच ते,” आई म्हणायची आणि मग जेवायला बसायची. त्याआधी ती जेवत नसे. मी खूप सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

३

त्या दिवशी लांब्या दाढ काढायला गेला होता. साहेब बाहेरगावी होते. मावशी माझ्या खोलीत चहा घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि तिच्या सुनेबद्दल सांगू लागली. सून चांगली आहे हे मला माहीत होतं, पण मी मान हलवत होते.

“घेतली!”

मावशीने कप खाली ठेवला. माझे हात मांडीवर आले. मावशी पुढे बोलू लागली, मी पुन्हा मान हलवू लागले. सुनेने पडदे बदलले होते, तिथपर्यंत आलो आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

“मावशी, लांब्या आला का?”

“छे गं. आज कसला येतोय. तोंड सुजलं असेल.”

“मग पेटी घेतली कोणी?”

“घेतली असेल कोणीतरी. झालं की सोडेल.”

“कोणीतरी म्हणजे कोण? तुम्ही इथे आहात, मी इथे आहे.”

एवढ्यात पॅसेजमधून आवाज आला, “सोडली!”

“हे बघ, सोडली,” मावशी म्हणाली, जणू काही शंकेचं निरसन झालं. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि तिकडून तिने ‘घेतली!’ म्हणून आवाज दिला. मी तिचा चहा तसाच बघत बसले. त्यावर साय धरली होती.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझ्या घरात मांजर आडवं गेलं तर मांजरालाच रस्ता बदलावा लागतो. तेव्हा मी नीट विचार केला. खालच्या मजल्यावर कोणीतरी ओरडत असेल. पॅसेज लांब आहे, आवाज घुमत असेल. किंवा मावशीच ओरडून आली असेल आणि विसरली असेल, वय झालंय. ही तिन्ही कारणं मला पटली. तरीही मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग मी लक्ष ठेवू लागले. एसीचा त्रास होतो असं सांगून खुर्ची दारात आणली, म्हणजे दोघांची दारं दिसावीत. आवाज रोज यायचा. आम्हा तिघांच्या मधेमधे, पाळीपाळीने, रांगेत उभं राहिल्यासारखा. लांब्याला वाटायचं मावशी. मावशीला वाटायचं मी. मला इतके दिवस वाटायचं लांब्या. आवाजात विशेष काही नव्हतं. पुरुषाचा की बाईचा हे सांगता येत नव्हतं, पण आमच्या लांब्याचं तरी कुठे सांगता येतं. वर्षानुवर्षं याच ऑफिसात ओरडून घसा बसलेल्या माणसाचा वाटे.

मी लांब्याला सांगितलं. तो सुजलेल्या गालाने हसला.

“मॅडम, तो शिस्तीत आहे ना? घेतो, सोडतो. मीच सोडायला विसरतो, तो कधी विसरत नाही. मग तुम्हाला त्रास काय?”

“तो?”

“किंवा ती. मला काय माहीत?”

हसता हसता तो थांबला आणि पॅसेजच्या टोकाकडे बघू लागला. मीही बघितलं. चौथ्या खोलीच्या दाराला वरच्या बाजूला एक छोटी काच आहे, आतून धूळ बसलेली. दार बंद होतं. तेवढ्यात ‘घेतली!’ ऐकू आलं आणि आमच्या दोघांचे हात पोटाशी आले.

खरं सांगते, मला आवाजाची एवढी भीती वाटली नाही. माझे हात माझ्याआधी त्याचं ऐकतात, याची वाटली.

५

वादळ आलं तेव्हा बोक्याचं जहाज किनाऱ्यापासून फार लांब नव्हतं. सकाळीच वेगळा मेल करून कॅप्टनने कळवलं होतं की इंजिन कुरकुर करतंय, आसऱ्याला जवळच्या बंदरात शिरतोय. इंजिन म्हटलं की बोका आलाच. मी आईला फोन केला नाही.

दुपारी साहेब धावत माझ्या खोलीत आले. मावशी आणि लांब्या तिथेच होते. आम्ही तिघंही माझ्या स्क्रीनवर हवामानाचा नकाशा बघत होतो.

“त्या बंदराचा निरोप आलाय,” साहेब धापा टाकत म्हणाले. “तोंडाशीच मालाची एक बार्ज बुडालीय. वरून दिसत नाही. आत शिरायला गेले तर फाटेल जहाज. ताबडतोब लिहा, आत शिरू नका, बाहेरच थांबा.”

“फोन?”

“लागतच नाहीये. वादळात फक्त मेल जातोय, तोही रडतखडत. आणि जहाजावर ते या पेटीचाच मेल उघडतात. लिहा!”

मी कीबोर्डकडे हात नेला.

“घेतली!”

माझे हात मांडीवर आले. मावशीचे आले. लांब्याचे आले. साहेब आमच्याकडे बघत राहिले. शाळेतली पोरं हाताची घडी घालून बसतात, तसे आम्ही तीन मोठी माणसं बसलो होतो.

“अहो, लिहा ना!”

“पेटी घेतलीय साहेब,” मावशी पुटपुटली.

“कोणी? सगळे तर इथेच आहात!”

आम्ही वाट बघितली. रोज पटकन सोडणारा तो आवाज आज सोडत नव्हता. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला बोका दिसत होता, तेलाने माखलेला, खाली इंजिनपाशी, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

मी खुडबुड्याला फोन लावला.

“मशीनवर कुलूप दिसतंय का?” त्याने विचारलं.

“दिसतंय.”

“कोणाच्या मशीनचं नाव आहे त्यावर?”

मी बघितलं. “माझ्या.”

“मग सोपंय. शिळं कुलूप आहे. तुमचंच मशीन लावून विसरलंय. पुसून टाका.”

“आणि आत खरंच कोणी असेल तर?”

“असेल तर मुळीच पुसू नका. दोघं एकदम आत शिरलात की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.”

“पण आहे की नाही ते ओळखायचं कसं?”

“विचारा की,” खुडबुड्या म्हणाला. “दिवसभर ओरडता ना?”

६

मी पॅसेजमध्ये आले. ट्यूबलाइट भर दुपारी चालू होती.

“पेटी कोणाकडे आहे?” मी ओरडले.

उत्तर नाही. पण मी गप्प झाल्यावर ऐकू आलं. टकटक, टकटक. कोणीतरी टाइप करत होतं. सावकाश, एका बोटाने, अक्षरं शोधत. मावशीच्या खोलीत बघितलं, रिकामी. लांब्याची रिकामी. मी टोकापर्यंत गेले. आवाज चौथ्या खोलीतून येत होता. त्या खोलीत कीबोर्ड नाही. स्क्रीन नाही, खुर्ची नाही. मशीन आणताना मी स्वतः तिथे उभी होते.

मी दारावर थाप मारली. टाइप करणं थांबलं.

“सोडा पेटी,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “माझा भाऊ आहे तिथे. ऐकताय ना? माझा एकुलता एक भाऊ आहे.”

आत कोणीतरी ऐकत होतं. कसं सांगू, पण बंद दारामागे कोणी कान देऊन उभं असलं की कळतं. मग टाइप करणं पुन्हा सुरू झालं, आता भराभरा. दारात कोणी खोळंबलंय म्हणून आपण हातातलं काम उरकतो ना, तसं. मी टाचा उंचावून काचेपर्यंत गेले. आतल्या बाजूने काचेवरची धूळ एका ठिकाणी पुसलेली होती, चेहऱ्याएवढी. सकाळी ती पुसलेली नव्हती.

मी पळत सुटले.

७

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मला कळत होतं. पण माझा भाऊ पाण्यावर होता. मी खुर्चीत बसले आणि कुलूप पुसलं. पुसलं गेलं, काही अडचण आली नाही. “घेतली!” मी ओरडले. पहिल्यांदाच एका ‘घेतली’वर दुसरं ‘घेतली’ पडलं होतं. मावशीने डोळे मिटून घेतले.

मी लिहिलं. बंदरात शिरू नका. तोंडाशी बार्ज बुडाली आहे. बाहेर थांबा. मी लिहीत असताना पॅसेजच्या टोकाला टकटक चालूच होती. मी थांबले की ती थांबे, मी लिहिलं की सुरू. मेल पाठवला. “सोडली!” मी म्हणाले, आणि तिकडूनही आलं, “सोडली!” त्या आवाजात सुटका होती. काम एकदाचं हातावेगळं झाल्यावर वाटते तशी.

उत्तर यायला वेळ लागला. साहेब येरझाऱ्या घालत होते. मी कोणाचं नाव घेऊन नवस बोलत नाही, पण त्या वेळात काय काय कबूल केलं ते आता विचारू नका. शेवटी कॅप्टनचा मेल आला, अगदी छोटा: संदेश मिळाले. बाहेर थांबलो आहोत. दोन्ही सूचनांप्रमाणे करत आहोत.

साहेब मटकन खाली बसले. लांब्याने टाळी वाजवली. माझ्या जिवात जीव आला आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

“दोन्ही म्हणजे?” मावशीने हळूच विचारलं.

“शिरू नका आणि थांबा, झाल्या दोन,” लांब्या म्हणाला.

मलाही ते पटलं. मी पाठवलेल्या मेलमध्ये शोधलं, तर माझा एकच होता, अख्खा, एकही ओळ इकडची तिकडे न झालेला. काही मिसळलं नव्हतं. मी आईला फोन केला आणि म्हणाले, “आला गं.”

८

बोका घरी आला तेव्हा आईने त्याला दारातच इतकं कुरवाळलं की त्याची बॅग हातातच राहिली. तो उन्हाने काळवंडला होता, थोडा बारीक झाला होता. बाकी आमचा बोकाच. दात तेच, हसणं तेच, माझी वेणी ओढायची खोड तीच.

दोन दिवसांत आई खुशीत म्हणाली, “समुद्राने पोराला वळण लावलं हो. पूर्वी कोणाला बोलू देत नसे. आता मधेच थांबतो, समोरच्याचं होऊ देतो, मग बोलतो.”

तो थांबायचा, हे खरं. पण तेव्हा समोरचं कोणीच बोलत नसायचं. अर्धं वाक्य झालं की तो गप्प होई, जरा बाजूला बघे, ऐकल्यासारखी मान हलवे आणि मग उरलेलं वाक्य पुरं करी. खुर्चीत अंग चोरून बसे. पलंगाच्या कडेला झोपे, पडेल की काय असा, आणि भिंतीकडची बाजू मोकळी ठेवी. मी स्वतःला समजावलं की जहाजावर बर्थ अरुंद असतात.

दुपारी तो पलंगावर बसला होता. मी शेजारी बसले आणि विचारलंच.

“बोक्या, त्या दिवशी आमचा मेल आला तेव्हा काय झालं रे?”

“काय होणार? कॅप्टनने सगळ्यांना बोलावून वाचून दाखवले.”

“दाखवले? किती होते?”

“दोन ना. तूच तर पाठवलेस ताई. खाली तुझं नाव होतं.” तो थांबला, बाजूला बघितलं, मान हलवली. “एकात होतं, बंदरात शिरू नका.”

“आणि दुसऱ्यात?”

“दुसऱ्यात होतं, जागा करा.”

“कोणासाठी?”

बोक्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी काही खुळ्यासारखं विचारलं की बघायचा, तसंच. “ते नव्हतं लिहिलं. तुझं नाव होतं म्हणून आम्ही कोणी विचारलं नाही. प्रत्येकाने आपापल्यात थोडी थोडी जागा केली.”

मला त्याला छातीशी धरावंसं वाटलं आणि त्याच्यापासून दूर पळावंसंही वाटलं. तो माझा भाऊ होता. मी त्याला मागितलं होतं आणि तो मला मिळाला होता. मी त्याचा हात हातात घेतला. कोमट होता, माणसाचा असतो तसा. तो काही तरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि त्याची पाळी येत नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खूप वेळाने, घाईघाईने, कोणी अडवायच्या आत बोलून घ्यावं तसा तो म्हणाला, “ताई, माझ्यात आता फारशी जागा उरली नाही गं. तू करशील थोडी?”

मी थोरली. त्याने खेळणं मागितलं तर दिलं, सायकल मागितली तर दिली, नोकरी मागितली तर लावून दिली. नाही म्हणायची मला सवयच नाही. विचार करायच्या आधीच मी पलंगावर जराशी सरकले होते.

“चहा ठेवू का रे दोघांना?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“ठेव,” मी म्हणाले. आवाज माझाच होता. मी मात्र अजून तोंड उघडायच्या बेतात होते.